पत्र्याखालचा गंधार

गाणं सुरू होण्याआधी चार सेकंद पंखा ऐकू येतो. मग कुणीतरी खाकरतं, लांबून भुसावळकडे निघालेल्या मालगाडीचा भोंगा येतो, कुणीतरी दबक्या आवाजात एक-दोन-तीन मोजतं आणि ऑक्टापॅड एकदम अंगावर कोसळतो. पाचोऱ्यातल्या पाच पोरांनी घरच्या घरी केलेल्या चार रेकॉर्डिंगांपैकी हे पहिलं. लग्नसराईत ही पोरं बँडच्या गाडीवर वाजवतात. दुसऱ्याची गाणी, दुसऱ्याच्या चाली, वरातीला हवी तशी. आषाढी ते कार्तिकी लग्नं नसतात, तेव्हा हात रिकामे राहतात आणि डोक्यात स्वतःचं काहीबाही येतं. अडचण एवढीच की नेमके तेच पावसाचे महिने, आणि खोलीवर पत्रे. उन्हाळ्यात पत्रा वाजत नाही, पण मग कूलर बंद करून खान्देशी मे महिन्यात बंद खोलीत गायचं कोणी? म्हणजे पावसाची उघडीप मिळेल त्या रात्री, दोन सरींच्या मधे, ही गाणी झाली आहेत. ऐकताना हे ध्यानात ठेवायला हवं. सूट द्यायची म्हणून नव्हे, आवाज तसा का आला ते कळायला.

गाण्यांसोबत मला निरोप होता, "आप्पा, आयकी ल्या. बठ्ठं खरं सांगा."

खरं सांगायच्या दोन सोप्या रीती आहेत आणि दोन्ही ऐकल्याशिवाय वापरता येतात. एक, "भारी रे पोरांनो, असंच चालू द्या." दुसरी, "सूर कच्चा आहे, रियाज वाढवा." पहिली ऐकून पोरं खूश होतात, दुसरी ऐकून गप्प बसतात, आणि दोन्ही वेळा पुढचं रेकॉर्डिंग आधीच्यासारखंच होतं. शाळेत आपण कवितेचं रसग्रहण करतो. धरणगावच्या बालकवींचं तर खान्देशातल्या प्रत्येक पोराने कधी ना कधी केलेलं असतं. कविता छापलेली आणि कवी मोठा, म्हणून ओळ न् ओळ लक्ष देऊन वाचायची. तेच लक्ष कच्च्या, पंख्याच्या आवाजासकट आलेल्या गाण्याला द्यायला काय हरकत आहे? माझा अनुभव असा की सूचना बहुधा चुकीची नसते, ती नेमकी नसते. "मजा नाही आली" हे मत झालं. "एक्केचाळिसाव्या सेकंदाला काय झालं?" हा प्रश्न झाला, आणि पोरांना कामाचा तोच.

तर एक्केचाळिसावा सेकंद. पहिलं गाणं वरातीचं आहे: पोरगी, नजर, गल्ली, नेहमीचा ऐवज. पण पहिलं कडवं संपून मधली सुरावट सुरू होते तिथे की-बोर्डवाला एक गोष्ट करतो. की-बोर्डच्या डाव्या कडेला एक चाक असतं. ते ढकललं की सूर वर सरकतो, सोडलं की जागेवर येतो. बहुतेक वाजवणारे ते चाक दिखाव्यापुरतं फिरवतात. हा पोरगा पंचमावर थांबतो, धैवताकडे निघतो, पोचायला मुद्दाम उशीर करतो, आणि पोचल्यावरही सूर किंचित हलता ठेवतो. ही संबळाबरोबरची पिपाणी आहे. प्लॅस्टिकच्या पट्ट्यांवर बसून तो तोंडाने फुंकायचं वाद्य वाजवतोय. कोणी शिकवलेलं दिसत नाही. लहानपणी कुठल्या तरी मिरवणुकीत कानात शिरलेलं बोटांतून बाहेर आलंय. चारही गाण्यांत मिळून सगळ्यात कसबाची जागा मला हीच वाटली, आणि ती जेमतेम सहा सेकंदांची आहे. पोरांच्या लेखी तो 'म्युझिक पीस' आहे, गायकाने दम घ्यावा म्हणून ठेवलेला.

ही जागा धड ऐकू मात्र येत नाही. ऑक्टापॅड, ढोल, टाळ्यांचा तयार आवाज आणि की-बोर्डवरचाच दुसरा एक सूर, सगळे एकाच वेळी पूर्ण ताकदीने चालू आहेत. रेकॉर्डिंगची पातळी लाल रेषेला चिकटली आहे. ध्वनिलहरीचा माथा तिथे कापला जातो आणि एकदा कापलेला माथा नंतर कोणत्याही बटणाने परत येत नाही, उरते ती खरखर. आजच्या साध्या उपकरणांवर 24 बिटमध्ये रेकॉर्ड करता येतं. सगळ्यात मोठा ठोकासुद्धा शून्याच्या खाली दहा-बारा डेसिबल ठेवला तर काही बिघडत नाही, आवाज नंतर चढवता येतो. पोरांचं म्हणणं, बाकीच्यांची गाणी मोठ्याने वाजतात, आमचं हळू वाजेल. यूट्यूबसारखी ठिकाणं प्रमाणाबाहेर मोठं गाणं स्वतःच खाली आणतात. म्हणजे खरखर आपल्याकडे राहते आणि मोठेपणा ते काढून घेतात.

ढोलाचं दुखणं वेगळं आहे, ते खोलीचं आहे. खोली दहा बाय दहा. समोरासमोरच्या दोन भिंतींत दहा फुटांचं अंतर असलं की तिथे साधारण 56 हर्ट्झचा जाड सूर घुमत राहतो. लांबी-रुंदी सारखीच, त्यामुळे तोच सूर दोन्ही दिशांनी घुमतो. घरगुती रेकॉर्डिंगला चौरस खोलीइतकी वाईट खोली नाही. त्यात ढोल कोपऱ्यात आणि मायक्रोफोन भिंतीला लागून, म्हणजे घुमारा जिथे सर्वांत जास्त नेमका तिथे. म्हणून थाप पडते कधी, संपते कधी, कळत नाही. यावर बाजारातून फोम आणायची गरज नाही. ढोल कोपऱ्यातून पुढे ओढावा, मायक्रोफोन भिंतीपासून लांब न्यावा, आणि कापसाच्या तालुक्यात राहतो आहोत तर घरातल्या जाडजूड गाद्या कोपऱ्यांत उभ्या कराव्यात. पातळ चादर भिंतीला लावून फक्त वरचा चकचकाट जातो, घुमारा तसाच राहतो. गादी जाड हवी आणि भिंतीपासून वीतभर सुटी असली तर आणखी बरं. तरीही 56 हर्ट्झ पुरता जाणार नाही, थोडा आवरेल. थोडा आवरला तरी की-बोर्डवाल्याच्या सहा सेकंदांना जागा होईल, आणि मला तेवढंच हवं आहे.

दुसरं रेकॉर्डिंग पोरांनी जवळजवळ माफी मागत पाठवलं होतं. "हे फक्त मोबाइलवरचं आहे, यावर आम्ही नंतर बीट टाकणार आहोत." कानबाईच्या रात्रीचं आहे ते. नागपंचमीनंतरच्या रविवारी खान्देशात घरोघर कानबाई बसते. नारळाला देवीचं रूप देऊन सजवायचं, मोजून घेतलेल्या गव्हाचे रोट करायचे, रात्रभर गाणी म्हणायची, सोमवारी सकाळी वाजतगाजत विसर्जन. गायकाची आई, दोन काकू आणि शेजारच्या एक म्हाताऱ्या आजी गात आहेत. एक जण ओळ उचलते, बाकीच्या ती झेलतात. हाताशी टाळ, मधेच बांगड्या, कुठेतरी स्टीलचं ताट सरकतं.

पहिल्या गाण्यावर पोरांनी किती रात्री घालवल्या असतील देव जाणे. हे सहज झालं, आणि हे चारांत सरस आहे. असं नुसतं म्हणून भागणार नाही, का ते सांगायला हवं.

एक म्हणजे अंतरं. आई फोनच्या जवळ, काकू तिच्या मागे, आजी भिंतीपाशी. कोणी ठरवून बसवलेलं नाही, पण ऐकताना खोली डोळ्यांपुढे उभी राहते, कोण कुठे बसलंय ते कळतं. विजेवरचा मायक्रोफोन 1925च्या सुमारास रेकॉर्डिंगमध्ये आला. त्याआधीची दोन-तीन दशकं गाणं एका भोंग्यासमोर गायलं जाई आणि आवाज लहानमोठा करण्याचा उपाय एकच, भोंग्याजवळ या किंवा लांब जा. 1902 साली कलकत्त्यात गौहर जान अशाच भोंग्यासमोर गायली. त्या जुन्या तबकड्यांत जो तोल आहे तो बसण्याच्या जागांनी साधलेला आहे. पोरांच्या संगणकात प्रत्येक वाद्याची वेगळी पट्टी आहे आणि प्रत्येक पट्टी छातीशी धरल्यासारखी जवळ आहे, म्हणून पहिल्या गाण्यात सगळे आहेत पण कोणी कुठे बसलेलं नाही. मी सुचवलं की एकदा एकच मायक्रोफोन खोलीच्या मध्यापासून थोडा बाजूला ठेवा, गायक हातभर अंतरावर, ढोलकी सहा-सात फुटांवर, ऑक्टापॅडचा स्पीकर दाराबाहेर. वाजवा, ऐका, माणसं हलवा, परत वाजवा. बटणाला हात लावायचा नाही.

दुसरं कारण आजी. प्रत्येक ओळीत त्या बाकीच्यांच्या मागे, अर्धी मात्रा मागे, येतात. एकदा नाही, दरवेळी. पोरांनी याची नोंद 'टायमिंग एरर' अशी केली होती आणि आजींचा आवाज कापून पुढे सरकवायचा बेत होता. नीट ऐका: आजी चुकत नाहीत. आईची ओळ पडते, तिच्या शेवटच्या अक्षरावर आजींचा आवाज टेकतो आणि दोन ओळींमधली फट बुजते. गाणं कुठे तुटत नाही ते त्यांच्यामुळे. चार बायका चाळीस वाटतात त्याचं कारण त्या एकत्र येत नाहीत हे आहे. चौघी तंतोतंत एका क्षणी आल्या तर एकच जाड आवाज ऐकू येईल. पोरांनी पहिल्या गाण्यात कोरससाठी गायकाचाच आवाज चारदा चिकटवला आहे. तो गर्दीसारखा का वाटत नाही, याचं उत्तर त्यांच्याच फोनमध्ये आजींकडे आहे. एका आवाजाची हुबेहूब नक्कल त्याच्यावर ठेवली की आवाज फक्त मोठा होतो. कोरस हवा असेल तर चारदा गावं लागतं, आणि दरवेळी थोडं वेगळं.

तिसरं कारण गंधार. या चालीतला गंधार कोमलही नाही, शुद्धही नाही. दोहोंच्या मधे, आणि चढताना एका जागी, उतरताना दुसऱ्या. पेटीवर तो सापडत नाही; मी शोधला. सूर सरळ करणाऱ्या यंत्रासाठी ही जागा म्हणजे खोट, ते उचलून जवळच्या पट्टीवर बसवतं. हे यंत्र, ऑटोट्यून, 1997 साली बाजारात आलं. त्याचा कर्ता अँडी हिल्डेब्रँड आधी भूकंपलहरींचं विश्लेषण करून जमिनीखालचं तेल शोधायच्या कामात होता, आणि तेच गणित त्याने गळ्याला लावलं. पुढच्याच वर्षी शेर या गायिकेच्या गाण्यात त्याचा मुद्दाम अतिरेक झाला आणि जगभर फॅशन पडली. अहिराणी वरातगीतांत आज तो आवाज सर्रास आहे, आणि वरातगीतात मला त्याचं वावडं नाही; तिथे तो एक वाद्य म्हणून वापरतात. पण कानबाईच्या गंधाराला तो लावला तर चाल राहील आणि कानबाई जाईल. पोरांना मी इतकंच लिहिलं: हे रेकॉर्डिंग आहे तसं एक प्रत काढून बाजूला ठेवा, मग दुसऱ्या प्रतीवर काय वाटेल ते करा.

दोष इथेही आहेत. फोन स्वतःच्या हुशारीने आवाज चढवतो-उतरवतो, त्यामुळे प्रत्येक ओळीचं पहिलं अक्षर फुगतं आणि शेवटचं विरतं. फोनमधली आवाज गाळायची आणि आपोआप चढवायची सोय बंद करता येईल असं अ‍ॅप वापरावं. फोन ताटाजवळच्या लादीवर होता, तो घडी घातलेल्या गोधडीवर ठेवावा. फाइल व्हॉट्सअ‍ॅपच्या नेहमीच्या वाटेने पाठवू नये, आवाज दाबला जातो. डॉक्युमेंट म्हणून पाठवावी. आणि रेकॉर्डिंग दोन मिनिटांत थांबवू नये. गाणी रात्रभर चालतात, फोन चार्जरला लावून चालू ठेवावा. आणखी एक सूचना आवाजाची नाही. यूट्यूबवर टाकायच्या आधी चौघींना विचारा, आणि गाण्याखाली बँडच्या नावाआधी त्यांची नावं येऊ द्या.

ही शेवटची गोष्ट खान्देशाला नवी नाही. असोद्याच्या बहिणाबाई चौधरींना लिहिता येत नव्हतं. शेतात, जात्यावर सुचेल ते त्या म्हणत. मुलगा सोपानदेव आणि त्याचा मावसभाऊ पितांबर चौधरी ते वहीत उतरवून घेत. त्या काळातलं ते घरगुती रेकॉर्डिंगच. 3 डिसेंबर 1951 रोजी बहिणाबाई गेल्या, त्यानंतर सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली. अत्रे किती मोठ्याने दाद देत ते महाराष्ट्र जाणतो; त्यांनी त्याला बावनकशी सोनं म्हटलं, प्रस्तावना लिहिली आणि 1952 साली 'बहिणाबाईंची गाणी' हे पुस्तक आलं. सोपानदेव स्वतः कवी होते. आईच्या ओळी 'सुधारायचा' मोह त्यांना झाला असता तर त्यात नवल नव्हतं. पण लेवा बोली तशीच राहिली, आणि मुखपृष्ठावर नाव आईचं आलं.

अत्र्यांची दाद मला पुरेशी वाटते का? त्या वहीसाठी हो. बाई गेल्या होत्या, गाणी पुरी झाली होती, आता ती लोकांपुढे नेणं एवढंच काम उरलं होतं. त्याला असा मोठा गळाच हवा होता. पण अजून घडत असलेल्या पोरांना "सोनं आहे" म्हटलं तर ती सोनं घेऊन घरी जातील आणि ढोल कोपऱ्यातच राहील. त्यांना दाद तर हवीच, पण ती कोणत्या सेकंदासाठी आहे हेही हवं. अत्र्यांकडून घ्यायचं ते दुसरं: जे आधीच बरोबर आहे ते ओळखायचं आणि त्याला हात लावू द्यायचा नाही. बाहेरचं एक उदाहरण पोरांना आवडलं. 1982च्या जानेवारीत ब्रूस स्प्रिंगस्टीन या अमेरिकी गायकाने राहत्या घरात, चार पट्ट्यांच्या कॅसेट रेकॉर्डरवर, बँडला चाली दाखवायच्या म्हणून काही गाणी कच्ची रेकॉर्ड केली. मग बँड घेऊन स्टुडिओत ती नीट करून पाहिली. नीट झाली, पण त्यातलं काहीतरी गेलं. शेवटी खिशातून हिंडवलेली ती मूळ कॅसेटच 'नेब्रास्का' या नावाने त्याच वर्षी प्रसिद्ध झाली. ऑक्टापॅडवाल्याचा यावर लगेच प्रश्न: मग आप्पा, आम्ही गाद्या कशाला लावायच्या? स्प्रिंगस्टीनने स्टुडिओतलं आणि घरचं, दोन्ही ऐकून निवडलं. पोरांपुढे अजून एकच आहे.

तिसरं गाणं त्यांचं स्वतःचं, शब्दांसकट. विषय पीजे. पाचोऱ्याबाहेरच्यांसाठी सांगायचं तर पाचोरा-जामनेर ही अडीच फुटी रुळांवरची छोटी गाडी, 56 किलोमीटर, शंभरएक वर्षांची. 2020च्या टाळेबंदीत ती थांबली आणि नॅरोगेजवर परत आली नाही. आता तिथे रुंद रुळांचा घाट आहे. या पोरांनी ती शाळकरी वयात पाहिलेली. गाण्यात एक जण मामाच्या गावाला निघालाय आणि गाडी काही येत नाही, एवढंच आहे. पहिल्या दोन कडव्यांत तो वाट पाहतो. तिसऱ्यात नुसती स्टेशनांची नावं येतात: वरखेडी, शेंदुर्णी, पहूर, जामनेर. क्रियापद नाही, विशेषण नाही. गाडी थांबली तेही कुठे म्हटलेलं नाही. गायक पहिल्या गाण्यात हिंदी सिनेमाच्या ढंगाने आवाज ताणतो. इथे घरात बोलतो त्या आवाजात गातो, आणि 'पहूर' या शब्दातला 'हू' असा लांबवतो की फलाटावरून कोणी हाक मारतंय असं वाटावं. लिहिणाऱ्याला विचारलं, नावांच्या पुढे काही लिहावंसं वाटलं नाही का? म्हणाला, सुचलं नाही. न सुचणं कधीकधी फार उपयोगी पडतं.

ऑक्टापॅडवाल्याने इथे वरातीचा ठेका सोडून दिलाय. दोन सुटे ठोके, थांबा, परत दोन ठोके. नॅरोगेजचे रूळ साधारण 12 मीटरचे. ताशी 25 किलोमीटरने गाडी चालली तर रुळाचा सांधा पावणेदोन सेकंदांनी येतो. त्याच्या ठेक्याचं आवर्तन मी घड्याळ लावून मोजलं, ते याच्या अगदी जवळ बसतं. हिशेब करून वाजवलंय असं मला वाटत नाही. मुख्य लाइनवरच्या गाड्या लहानपणापासून ऐकणाऱ्या पोराला छोटी गाडी किती सावकाश जाते ते पायांना माहीत असतं.

आणि याच गाण्यात सगळ्यात मोठी चूक आहे. सुरुवातीला आणि तिसऱ्या कडव्याआधी त्यांनी इंटरनेटवरून उतरवलेला आगगाडीचा आवाज घातलाय, वाफेच्या इंजिनाची लांबलचक शिट्टी, बहुधा परदेशी. ज्या गाडीची वाट पाहण्याचं गाणं आहे ती गाडी पहिल्याच क्षणी धडधडत आली तर पुढे वाट कशाची पाहायची? शिवाय ही पोरं जी पीजे पाहून आहेत ती डिझेलवर चालायची. शिट्टी काढा, असं मी लिहिलं. तिच्या जागी काय घालायचं? काही नाही. गाडी ऑक्टापॅडमध्ये आहे, तेवढी पुरे. आवाज घालायचाच असेल तर पाचोरा स्टेशनवर न थांबता जाणाऱ्या एखाद्या मोठ्या एक्स्प्रेसचा घाला, अगदी हळू, तिसऱ्या कडव्यानंतर. हे मात्र माझं गाणं झालं. त्यांनी ते ऐकलंच पाहिजे असं नाही. सूचना देताना हा घसरडा भाग असतो. ऐकणाऱ्याला स्वतःचं गाणं सुचायला लागतं आणि तो ते दुसऱ्याच्या गळ्यात घालू पाहतो.

गळ्यावरून आठवलं, गायकाच्या आवाजावर 'एको' फार आहे. तो गाण्यासाठी नाही, लपण्यासाठी आहे, हे चारही गाणी लागोपाठ ऐकली की कळतं: जिथे त्याला स्वतःची खात्री नाही तिथे एको वाढतो. पीजेत सर्वांत कमी आहे. मायक्रोफोन तोंडाला अगदी लावून तो गातो, त्यामुळे खर्ज फुगतो आणि 'फ', 'भ' आले की फुंकर आदळते. वीतभर लांब आणि तोंडाच्या थोडा बाजूला धरला तर दोन्ही जातील, आणि मग कदाचित लपावंसंही वाटणार नाही. चौथ्या गाण्याबद्दल लिहिण्यासारखं फारसं नाही. ते एका गाजलेल्या गायकाच्या नकलेत गेलंय; नक्कल चांगली आहे.

हे सगळं लिहून पाठवल्यावर की-बोर्डवाल्याने सहा सेकंदांच्या जागेबद्दल खोदून खोदून विचारलं. ती इतरांना ऐकू येते हेच त्याला नवं होतं. गायकाने फक्त अंगठा पाठवला. ऑक्टापॅडवाला मात्र वादाला उभा राहिला. "लगीनमा कोन आयकस आप्पा? लगीनमा तं नाचतस."

त्याचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. 'हाई झुमकावाली पोर'सारखं अहिराणी गाणं यूट्यूबवर कोट्यवधी वेळा वाजलं ते लोक नाचले म्हणून. त्यांच्या बँडची गाडी, तिच्यावरचे भलेमोठे स्पीकर, पुढे धुळीत नाचणारी माणसं, ही त्यांच्या गाण्याची खरी सभा. तिथे आजींची अर्धी मात्रा आणि मधला गंधार कुणाच्या कानी पडणार? पण त्यातच त्यांच्या रेकॉर्डिंगच्या घोळाचं एक कारण दडलेलं आहे. पोरं सगळं मिश्रण गाडीच्या स्पीकरवर ऐकून ठरवतात. तिथे ढोल छातीत बसतो, म्हणून ढोलावर समाधानी होतात. तेच गाणं फोनवर वाजलं की एवढासा स्पीकर खालचे सूर काढतच नाही; ढोलाचं अंग गळून जातं आणि टिपरूची टकटक उरते, तिच्याखाली गायक दबलेला. आणि यूट्यूबवरचं गाणं बहुतेक लोक पहिल्यांदा फोनवरच ऐकतात.

तेव्हा ऑक्टापॅडवाल्याशी माझा तह असा ठरला. पीजेचं गाणं दोनदा मिसळायचं. एक गाडीसाठी, त्यात त्याने हवा तो ठेका घालावा, मी तोंड उघडणार नाही. दुसरं फोनसाठी, त्यात शिट्टी नाही, एको नाही, ढोल मागे, स्टेशनांची नावं पुढे. तुळशीचं लग्न लागलं की गाडी परत बाहेर पडेल आणि मग वैशाख सरेपर्यंत कुणाला वेळ नाही, म्हणून दोन्ही त्याआधी. फोनचं मिश्रण बरं झालं की नाही हे मी ठरवायचं नाही, बँडनेही नाही. शेंदुर्णीच्या आठवडे बाजारात एखाद्या ओळखीच्या दुकानदाराच्या फोनवर ते लावायचं, कुणाचं आहे ते सांगायचं नाही, आणि तिसऱ्या कडव्याला गिऱ्हाइकांपैकी कोणी मान वर करतं का ते बघायचं. "आन कोनीच नई करी तं?" असं त्याने विचारलंय. मग पहिल्यांदा ढोल आणखी मागे घेऊन बघू, आणि तरीही नाही जमलं तर त्याच्या ठेक्यावर चर्चा करू, असं मी कळवलंय. त्यावर त्याचं उत्तर अजून यायचंय.